देव आणि आपण एकच, तर 'ख्रिस्ती' कशाला म्हणवून घ्यायचं?

प्रश्न, थोडक्यात: मी खानापूर तालुक्यातला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, बायको वारकरी घरातली. वर्षभर बरंच वाचलं आणि असं वाटायला लागलं की 'मी आणि पिता एक आहोत' हे येशूचं वाक्य प्रत्येक माणसाला लागू आहे. तसं असेल तर ख्रिस्ती हा शिक्का कशाला हवा? सहा महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा करावा की नको? आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काय बोलालायस रे? देव नि आपण एकच, तर मग प्रार्थना कोण कुणाला करतंय?" काका, तुम्ही इतकी वर्षं पाळक होता. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर:

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. बत्तीस वर्षं पाळकपण केलं, त्यातली बहुतेक बेळगाव, खानापूर, बैलहोंगल या पट्ट्यात. हा प्रश्न मला पूर्वी वर्षा-दोन वर्षांतून एखाद्याने विचारला असेल. आता महिन्याला एक तरी येतो, आणि विचारणारे सगळे तुझ्या वयाचे, पुण्या-बेंगळुरूत राहणारे. रविवारी देवळात न जाणारे, पण रात्री एक वाजता देवाबद्दल व्हिडिओ बघत बसणारे. मला त्याचं वाईट वाटत नाही. देवळात पहिल्या बाकावर बसून घोरणारेही मी पुष्कळ पाहिलेत.

आधी तुझं बरोबर कुठे आहे ते सांगतो, कारण ते कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही.

योहान 10:30 मधलं ते वाक्य मूळ ग्रीकमध्ये बघ. तिथे 'एक' साठी 'हेन' हा नपुंसकलिंगी शब्द आहे. पुल्लिंगी 'हेइस' असता तर 'आम्ही दोघे एकच व्यक्ती' असा अर्थ झाला असता. इंग्रजीत हा फरक मरून जातो. मराठीला तीन लिंगं आहेत, त्यामुळे आपल्याला तो चटकन कळायला हवा: एकच माणूस नव्हे, एकच काहीतरी. आणि पुढे 17व्या अध्यायात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो, 'आपण जसे एक आहोत तसे त्यांनी एक व्हावे', तिथेही तोच 'हेन' आहे. म्हणजे जो शब्द त्याने स्वतःसाठी वापरला तोच आपल्यासाठी. हे तू ओढूनताणून काढलेलं नाहीस.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात विश्वासणाऱ्यांना दैवी स्वभावाचे वाटेकरी म्हटलंय. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस तर सरळच म्हणून गेला की देव माणूस झाला तो माणसाने देव व्हावं म्हणून. शास्त्राभ्यासाच्या वर्गात मी हे वाक्य नाव न सांगता फळ्यावर लिहायचो आणि विचारायचो, हे कुणाचं? हमखास उत्तर यायचं: शंकराचार्यांचं. एकदा एक वडील सभासद उठून म्हणाले, पुसा ते, पोरं बिघडतील. ज्या माणसाने ख्रिस्ताचं देवपण सांभाळायला पाच वेळा हद्दपारी सोसली त्याचं वाक्य आपल्याच देवळात पाखंड ठरतं, याचा अर्थ आपण आपला वाडा पुरता पाहिलेलाच नाही, ओसरीवरच राहिलो.

पूर्वेकडच्या मंडळ्यांत या विचाराला 'थिओसिस' म्हणतात आणि तो तिथे रोजच्या भाकरीसारखा आहे. रोमन कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली लिहून ठेवलं की देहधारणाने देवाचा पुत्र एका अर्थी प्रत्येक माणसाशी जोडला गेला. प्रत्येक माणसाशी, फक्त बाप्तिस्मा झालेल्याशी नव्हे. पौल अथेन्समध्ये बोलला ('त्याच्यातच आपण जगतो, वागतो व आहोत') तेव्हा समोर एकही ख्रिस्ती नव्हता, आणि 'आपण त्याचे वंशज' ही ओळ तर त्याने ग्रीक कवीची उचलली होती.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूचा.

आता आजी. तिने जे विचारलं ते तुला अडाणी वाटलं असेल, पण या वादातला सगळ्यात धारदार प्रश्न तोच आहे. दोघं खरोखर एकच असतील तर बोलणार कोण, ऐकणार कोण? प्रेम करायचं कुणी कुणावर? तुझ्या बायकोला विचार, तिच्या घरी हे ठाऊक असेल. तुकोबांनीही देवाला हेच सांगितलं की मला ब्रह्मज्ञान नको, तू देव आणि मी भक्त एवढं राहू दे. तुझी ख्रिस्ती आजी आणि देहूचा वाणी एका ओट्यावर बसलेत आणि तू बाहेर उभा आहेस, असं चित्र मला दिसतंय. हसू नकोस.

माझे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत होते. मी लहानपणी डबा घेऊन जायचो. भट्टीतून काढलेल्या लोखंडाच्या तुकड्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, आता सांग, हे लोखंड की आग? हात लावलास तर आगच आहे. पण थोड्या वेळाने बघ, कांब ती कांबच. पुढे सेमिनरीत शिकताना कळलं की ग्रीक धर्मपित्यांनी नेमका हाच दाखला दिलाय. वडिलांनी त्यातलं काही वाचलं नव्हतं, घामाने शिकले होते. लोखंड आगीत आगीसारखं होतं, आग लोखंडात पुरती शिरते, पण लोखंड संपत नाही. 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेने ख्रिस्ताबद्दल बोलताना चार नकार वापरले: मिसळ न होता, बदल न होता, तुकडे न होता, वेगळं न पडता. पहिले दोन नकार तुझ्यासाठी आहेत, शेवटचे दोन त्या फळा पुसायला सांगणाऱ्या वडील सभासदांसाठी.

आपल्या भारतात या प्रश्नाशी झुंजलेले दोन जण तरी तुला माहीत हवेत. एक बिशप ए. जे. अप्पासामी, तमिळ. त्यांनी शंकरांच्या अद्वैताच्या वाटेने न जाता, जीव देवात राहूनही जीवच राहतो म्हणणाऱ्या रामानुजांची वाट धरली आणि म्हटलं की येशू-पित्याचं एकत्व प्रेमाचं आणि इच्छेचं आहे. दुसरे स्वामी अभिषिक्तानंद, मूळचे फ्रेंच. 1948 ला भारतात आले, तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगराच्या गुहांत राहिले आणि 1973 ला इंदूरला वारले. अद्वैताचा अनुभव त्यांना खोटा म्हणवेना आणि ख्रिस्त सोडवेना. जन्मभर दोन्ही धरून राहिले, फाटत राहिले, पण शेवटपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर नि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, सोडलं नाही. मला अप्पासामी जास्त पटतात, पण रात्री झोप येत नसेल तेव्हा मी अभिषिक्तानंद काढतो.

आता आपल्या मातीतलं. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, खानापुरातून जाते, सौंदत्तीचं धरण भरते आणि थेट कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्या संगमावर बसवण्णांचा ऐक्य मंटप, म्हणजे त्यांची समाधी, आहे. लिंगायत घरात कुणी गेलं तर 'वारले' म्हणत नाहीत, 'लिंगैक्य' झाले म्हणतात. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि शेवटी ऐक्य अशा सहा पायऱ्या. म्हणजे ज्या नदीचं पाणी तू लहानपणी प्यालास तिच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला तुझाच प्रश्न, साडेआठशे वर्षं आधी विचारलेला. देह हेच देऊळ, हे बसवण्णांचं म्हणणं आणि करिंथकरांना पौलाने लिहिलेलं 'तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर' मी एकाच प्रवचनात घेतलंय, बैलहोंगलला, आणि मागच्या बाकावरचे दोन लिंगायत पाहुणे मान डोलवत होते.

पण संगमाला मी उभा राहिलो तेव्हा एक गोष्ट टोचली. पुढे नदीचं नाव कृष्णा. मलप्रभा कुठे गेली? पाणी आहे, नाव नाही. अनेकांना यातच सुख वाटतं, आणि मी त्यांना चूक ठरवायला बसलेलो नाही. बायबलचा देव मात्र नावाने हाक मारतो. 'मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस', यशया 43. उठलेला ख्रिस्त बागेत मरीयेला भेटतो, ती त्याला माळी समजते, आणि तो तिला काही पटवून देत बसत नाही. 'मरीये' एवढंच म्हणतो. मग ती ओळखते. ख्रिस्ती श्रद्धेतलं एकत्व नावासकट असतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं त्याच्याभोवतीचं.

आणि हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळावं? 1956 ला राज्यं भाषावार झाली, आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. 2014 मध्ये बेळगावचं बेळगावी झालं. 1 नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडे काळा दिन, आणि मधल्या गल्लीत माझ्या मंडळीतली पोरं शाळेत कन्नड प्रार्थना म्हणून घरी मराठीत भांडतात. 'सगळे एक व्हा' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या पोटातलं दुसरं वाक्य आपल्याला आपोआप ऐकू येतं: म्हणजे आमच्यासारखे व्हा. कन्नड माणसाला मुंबईत हेच ऐकू येत असेल. म्हणून कुणी मला 'शेवटी सगळं एकच' म्हणालं की मी आधी विचारतो, कुणाच्या नावाने एक?

येशू उठल्यानंतर पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा सगळे एक भाषा बोलायला लागले नाहीत. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, नीट वाच. आमच्या संयुक्त उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे एकदम म्हणायचे, ज्याने त्याने आपल्या भाषेत. उजवीकडून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', डावीकडून 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये', आणि मागून खानापूरकडच्या दोन-तीन कोकणी बायका, 'आमच्या बापा, सर्गिंच्या'. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंगाट वाटायचा. कन्नडवाले जरा आधी संपवायचे, कोकणी बायका रेंगाळायच्या, आणि 'आमेन' मात्र कसं कोण जाणे एकत्र पडायचं.

म्हणजे मग 'ख्रिस्ती' हे नाव. तू त्याला शिक्का म्हणतोस. पूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त तीनदा आहे, आणि पहिल्यांदा तो अंत्युखियात लोकांनी शिष्यांना लावला. त्यांनी स्वतः घेतलेलं ते नाव नव्हे, बहुधा टोपणनावच. ते स्वतःला 'त्या मार्गाचे' म्हणवत. तेव्हा नावावर जीव टाकायचं कारण नाही, आणि टाकून द्यायचंही नाही.

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. 1831 ला इथेच जन्म, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, 1854 ला इथेच बाप्तिस्मा. लंडन मिशनरी सोसायटी 1820 पासून इथे होती. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, पाणी सगळं तुटायचं. तरी माणूस 'बाबा पदमनजी'च राहिला, मराठीतच लिहीत राहिला आणि 1857 साली विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिलं. नारायण वामन टिळकांचं आणखी पुढचं. 1895 ला बाप्तिस्मा, आणि 1917 ला मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य चालत. तुझा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जगून बघितला. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. टिकला असता तर आज आपण वेगळ्या जागी असतो, असं मला राहून राहून वाटतं.

कागदावरच्या ओळखीबद्दल थोडक्यात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे आपल्या भागात दाखल्यावर एक आणि देवळाच्या रजिस्टरात दुसरं असलेली घरं आहेत. त्यांना दांभिक म्हणणारे बहुतेक पोटभर जेवलेले असतात. 2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावातल्या विधानभवनात, सुवर्णसौधात. त्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांनी नाताळचा तारा घराच्या आत टांगला. तेव्हा पुण्यात बसून 'शिक्का टाकून देतो' म्हणताना एवढं लक्षात ठेव, की काहींनी तो किंमत मोजून जपलाय.

आता माझी एक चूक सांगतो.

ऑगस्ट 2019 चा पूर तुला आठवत असेल. मलप्रभेकाठच्या एका गावात आमचा छोटा प्रार्थना हॉल उंचवट्यावर होता, म्हणून पाणी आलेल्या घरांतले तीस-पस्तीस लोक तिथे आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, पण त्या रविवारी पावसाने उपासनाच झाली नव्हती. म्हणून 11 तारखेला करायचं ठरवलं. रस्ता बंद, ब्रेड कुठला? बायकांनी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या होत्या, त्यातली एक मी घेतली. द्राक्षरस आम्ही नेहमीच मनुका रात्रभर भिजवून उकळून करतो, तो होता. लोक बाजूला सतरंज्यांवर बसलेले, ओले कपडे दोरीवर, एक शेळी दारात. मी प्रवचन केलं योहान 17 वर. 'त्या सर्वांनी एक व्हावे.' चांगलं झालं असावं, मी स्वतःवर खूश होतो.

मग भाकरी मोडत रांगेने देत चाललो. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. तिने ओंजळ पुढे केली. मी थबकलो. आमच्या मंडळीचा नियम, बाप्तिस्मा झालेल्यांनाच. मी हसून मान हलवली आणि पुढच्या माणसाला तुकडा दिला. मागून तिचा आवाज आला, "नमगिल्लेन्री?" आम्हाला नाही होय? रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखी.

दुपारी जेवताना कळलं की भाकरीचं पीठ तिच्याच गाठोड्यातलं होतं. घर सोडताना तिने तेवढंच उचललं होतं.

नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. प्रभुभोजनाला अर्थ आहे, तो वाटेल तसा सांडायचा नसतो. पण जोपर्यंत तिच्या पिठाची भाकरी मी तिला नाकारतो, तोपर्यंत माझ्या तोंडी 'हेन' हा शब्द शोभत नाही, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि मला जोडता आलेलं नाही. मत्तय 25 मध्ये राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. मी तिथे कुठल्या बाजूला उभा राहणार, याचा हिशेब मी करत बसतो. तू देवाशी एक आहेस की नाही हे ध्यानात बसून कळेल असं तुला वाटतंय. मला ते भाकरी वाढताना कळलं, आणि नापास होऊन कळलं.

मुलीच्या बाप्तिस्म्याचं आता. आजीला बरं वाटावं म्हणून करू नकोस, आणि तुझं तत्त्वज्ञान जिंकावं म्हणून टाळूही नकोस. आधी बायकोशी बस. ती मनापासून हो म्हणत नसेल तर थांब, देवाला घाई नसते. लहान मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या बहुतेक मंडळ्यांत आई-बापांपैकी एक सभासद असला तरी चालतं, पण पाळक तुम्हा दोघांशी आधी बोलेल आणि बोलायलाच हवं. काही मंडळ्या बाळाचा फक्त अर्पणविधी करतात आणि बाप्तिस्मा तिच्या समजत्या वयावर सोडतात. तोही मार्ग आहे. बायको तिला हरिपाठ शिकवेल तर शिकवू दे, त्याने तिचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. बाप्तिस्म्याने ती देवाची होते असं नव्हे, ती आधीच त्याची आहे. ते आपण चारचौघांत मोठ्याने कबूल करतो, आणि तिला त्या मार्गावर न्यायची जबाबदारी अंगावर घेतो.

विधीत पाळक बाळाला हातावर घेतो तेव्हा पाण्याला हात लावण्याआधी आई-बापांना एकच विचारतो, या बाळाचं नाव सांगा. तू मला एवढं लांबलचक लिहिलंस. येशू, पिता, शिक्का, आजी सगळं आलं, पण पोरीचं नाव कुठेच नाही. काय ठेवलंय तिचं?